दुसऱ्या खेपेच्या निवट्या

रविवार, ८ जानेवारी १९९५

सरांनी प्रोग्रामची नोंदवही ठेवायला सांगितली आहे, ती मी ठेवते. कोणता भाग बदलला, का बदलला, कुठे अडला. ही वही वेगळी. तिथे लिहिण्यासारखं नसतं ते इथे लिहीन. रोज लिहीन असं नाही.

आज ठाण्याला घरी गेले, दिवाळीनंतर पहिल्यांदा. डोंबिवलीत खोली घेतल्यापासून कोळीवाड्यात जाणं कामापुरतंच होतं. आजचं काम निवट्यांचं. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात पुढच्या परांवर सरपटणारा मासा. कालवण चांगलं होतं, पण आम्हाला ती तपासायला हवी आहे. पहिल्या खेपेतल्या बारा निवट्या माझ्या वडिलांनी, आबांनीच, दोन वर्षांपूर्वी पकडून दिल्या होत्या. आणखी चौदा हव्यात, म्हणून नाताळात वाण्याच्या फोनवर निरोप ठेवला होता : ठाण्याच्या खाडीतल्याच हव्यात, दुसरीकडच्या चालणार नाहीत. चार दिवसांनी सरांच्या घरी उलट निरोप आला. मिळतील, जयाला रविवारी अकराच्या सुमाराला पाठवा.

मी पोचले तेव्हा आबा होडी बांधत होते. भरती पूर्ण होती, पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीला लागलं होतं. ओल्या गोणपाटाखाली टोपलीत निवट्या वळवळत होत्या. चांगल्या मोठ्या. आबांच्या पोटऱ्यांना चिखल नव्हता. लुंगीसुद्धा कोरडी होती.

"चौदा बोल्लीस ना? ह्या वीस हायत," आबा म्हणाले. "सा तुजे आयला कालवनाला."

"मना नको," आई म्हणाली. "त्या तुजे कामाच्या, जया. सगल्या ने."

आई मासळीला नको म्हणाली हे मी पहिल्यांदा ऐकलं. तिची तब्येत बरी नसावी.

निवट्या बर्फात ठेवल्या, जेवले आणि निघाले. आबा कोपऱ्यापर्यंत आले. "आनखी लागतील ना?"

"बहुधा."

"सांग मंग. मी हाय."

बुधवार, ११ जानेवारी

निवट्या गोविंदाच्या ताब्यात दिल्या.

सर म्हणजे डॉ. वाकणकर. ते कल्याणच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात आणि डोंबिवलीत रामनगरला राहतात. त्यांच्या मागच्या खोलीत आमचा संगणक आहे. प्रोग्राम माझा. निवट्यांच्या मांसातून जनुक वेगळं काढणं गोविंदा म्हात्रेचं काम, ते तो कॉलेजच्या प्रयोगशाळेत करतो. पुढे त्या नळ्या मुंबईतल्या एका संस्थेत जातात आणि फ्लॉपीवर अक्षरं येतात : ए, सी, जी, टी या चारांचीच लांब माळ, प्रत्येक माशाची एक.

सरांचं गृहीतक असं. ठाण्याची खाडी आणि कल्याणची खाडी कळव्याजवळ एका अरुंद, खडकाळ गळ्यानं जोडलेल्या आहेत. निवटी चिखल सोडून खडकावर जात नाही. म्हणून दोन्हीकडच्या निवट्या फार पूर्वीच वेगळ्या झाल्या असणार. वंशवृक्ष काढला तर ठाण्याच्या सगळ्या एका फांदीवर यायला हव्यात, कल्याणच्या सगळ्या दुसऱ्या.

माझा प्रोग्राम हे खरं की नाही ते तपासतो. तो दोन झाडं काढतो. एक अक्षरांना सर्वांत जास्त जुळणारं, कोणतीही अट न घालता. दुसरं सरांची अट पाळणारं. मग बघतो की अट पाळल्यामुळे जुळणी किती बिघडली. थोडी बिघडली तर तो योगायोग. 'थोडी' म्हणजे किती हे मी ठरवत नाही. प्रोग्राम सरांचं म्हणणं खरं धरून स्वतःच शंभर वेळा बनावट अक्षरं तयार करतो आणि दर वेळी तेच मोजतो. त्यावरून ते ठरतं. सरांनी त्याला 'कसोटी' म्हणायला सुरुवात केली आहे. मी फक्त प्रोग्राम म्हणते.

गोविंदा दिव्याहून येतो. तिकडे पाणी आलेलं नसलं की प्रयोगशाळेत दाढी करतो. आज म्हणाला, "जया, तुझ्या बापानं दिलेल्या निवट्या काय स्वच्छ आहेत गं. अंघोळ करून आल्यासारख्या. आमच्या बिल्डिंगीत मीच घाण."

मी म्हटलं, नळ्यांवर आजच्या आज आकडे घाल.

रविवार, २२ जानेवारी

पुन्हा ठाणे. प्रत्येक माशासमोर पकडल्याची जागा लिहावी लागते, ती आबांना विचारायची राहिली होती. नकाशा नेला.

आबांनी तो बराच वेळ न्याहाळला, मग एका ठिकाणी बोट ठेवलं. मी म्हटलं, तिथे आता पूल आहे. "हां, त्याच्या आल्याड," म्हणाले आणि बोट जरा सरकवलं. ती जागा मला माहीत आहे. मी आठ-नऊ वर्षांची असताना ओहोटीला आबा मला होडीत बसवून तिथे न्यायचे. ते चिखलात उतरून बिळात कोपरापर्यंत हात घालायचे, मी टोपली धरायची. उन्हात तो सगळा चिखल हलायचा. तो हलत नाही, त्याच्यावरच्या निवट्या हलताहेत, हे मला किती तरी उशिरा कळलं. एकदा मी उतरले आणि कमरेपर्यंत रुतले. आबांनी मला ओढून काढलं आणि म्हणाले, "बग, तू बी निवटी झालीस." वर्षभर वाड्यात सगळे मला निवटी म्हणत होते.

याचा नोंदीसाठी उपयोग नाही. लिहून झालं म्हणून खोडत नाही.

जागा लिहून घेतली. चिखल बघायची इच्छा होती, पण आजही पाणी भरलेलं होतं. मी जाते तेव्हा नेमकी भरतीच असते.

शुक्रवार, १० फेब्रुवारी

फ्लॉपी आली. ठाण्याच्या सव्वीस, कल्याणच्या वीस. अक्षरं एकाखाली एक लावली, दोन ठिकाणं संशयास्पद होती ती गाळली. संध्याकाळी प्रोग्राम सुरू केला. शंभर फेऱ्यांना शनिवार-रविवार लागेल. सरांनी वहिनींना सांगून ठेवलं आहे की मागच्या खोलीत मिक्सर लावायचा नाही.

सोमवार, १३ फेब्रुवारी

गृहीतक नाकारलं.

अगदी स्पष्ट नाकारलं. शंभर बनावट फेऱ्यांत एकदाही जुळणी इतकी बिघडली नव्हती.

अट न घातलेल्या झाडात दोन फांद्या आहेत, सरांना हव्या तशाच. पहिल्या खेपेच्या बाराही निवट्या ठाण्याच्या फांदीवर आहेत. दुसऱ्या खेपेच्या चौदा कल्याणच्या फांदीवर. सगळ्या चौदा. एकही चुकून ठाण्याकडे नाही.

सर झाडासमोर उभे राहून म्हणाले, "हे निसर्गात होत नाही, जया. दोन वर्षांत एक वंश जाऊन दुसरा येत नाही. कुठे तरी आपलंच चुकलंय."

मलाही तसंच वाटतं. माझं असण्याची शक्यता जास्त आहे.

गुरुवार, १६ फेब्रुवारी

फांद्या जोडण्याच्या भागात एक चूक सापडली. दुरुस्त केली. निकाल बदलला नाही.

शुक्रवार, २४ फेब्रुवारी

उत्तर आधीच माहीत असलेली अक्षरं मी स्वतः बनवली आणि प्रोग्रामला दिली. वीस वेळा. वीसही वेळा त्यानं बरोबर फांद्या ओळखल्या.

यातून प्रोग्राम बरोबर आहे असं सिद्ध होत नाही. मी कल्पना करू शकते त्या बाबतीत तो चुकत नाही, एवढंच.

शुक्रवार, ३ मार्च

आज सरांनी गोविंदाला बोलावलं. मी तिथेच होते.

"तुझ्याकडे कल्याणच्या आणि ठाण्याच्या निवट्या एकाच आठवड्यात आल्या?"

"हो सर."

"एकाच फ्रीजमध्ये?"

"फ्रीज एकच आहे, सर."

"मग स्टँड बदलले गेले असतील. कल्याणच्या नळ्यांवर ठाण्याचे आकडे."

"तसं असतं तर कल्याणच्या नावाच्या निवट्या ठाण्याच्या फांदीवर गेल्या असत्या, सर," मी म्हटलं. "त्या जागच्या जागी आहेत."

"मग तू कल्याणच्याच मांसाचे दोनदा तुकडे घेतलेस," सर गोविंदाला म्हणाले. "ठाण्याच्यांना हातच लागला नाही. आठवून बघ."

गोविंदानं बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाला, "मी असं केलेलं नाही, सर. पण केलंच नाही हे मी दाखवू कसं?"

महिनाअखेर अहवाल जायचा आहे. गोविंदाची शिष्यवृत्ती पुढच्या वर्षासाठी मिळायची तर सरांनी त्यात त्याच्या कामाबद्दल चांगलं लिहायला हवं. सर खोटं लिहिणार नाहीत. ते वाईट नाहीत, त्यांना उरलेलं एकच उत्तर दिसतं आहे.

जाताना गोविंदा म्हणाला, "प्रोग्रामला विचार ना, माझा हात कुठल्या फांदीवर बसतो." मी हसले नाही. नंतर वाटलं, हसायला हवं होतं.

गुरुवार, १६ मार्च

होळी. कोळीवाड्यात होळीला घरी न जाणं शक्य नसतं. आईनं नवी साडी काढून ठेवली होती. धक्क्यावर होड्यांना पताका लावल्या होत्या. पूर्वीपेक्षा होड्या कमी आहेत. शेजारचा देवराम आता रिक्षा चालवतो, त्यानं रिक्षेलाच पताका लावली होती. आबा त्याला म्हणाले, "रिक्षा पान्यात घाल, मंग पूजा करू." सगळे हसले, देवरामही.

पोळी खाताना आबांना सरळच विचारलं, दुसऱ्या खेपेच्या निवट्या ठाण्याच्याच होत्या ना?

"माज्या होडीतून आल्यात. मंग कुठल्या असतील?"

आई उठून पाणी आणायला गेली. तांब्या भरलेला होता.

आबांचं उत्तर पुरेसं आहे. म्हणजे चूक प्रोग्रामची नाही, मासळीची नाही, राहिला गोविंदा. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण वाटण्याचा इथे संबंध नाही. एकच तपासणी उरली. कल्याणच्या ताज्या निवट्या मी स्वतः आणायच्या, आकडे स्वतः घालायचे आणि त्यांच्यातून व दुसऱ्या खेपेच्या उरलेल्या मांसातून जनुक काढण्याचं काम दुसऱ्या प्रयोगशाळेकडून करून घ्यायचं. मग गोविंदाच्या हातचं त्याच्याशी ताडून बघता येईल. सरांनी फोनवर होकार दिला.

रविवार, १९ मार्च

सकाळी डोंबिवली पश्चिमेला, कल्याणच्या खाडीवरच्या रेतीबंदरावर गेले. गोविंदा सोबत आला, कारण निवट्या कुणाकडून घेतो ते त्यालाच माहीत. त्याची तपासणी होणार आहे आणि वाट दाखवायला तोच आला. मी तसं म्हटलं. तो म्हणाला, "फाशीच्या दोराला गाठ मारायला पण मीच येणार, तुला येत नाही म्हणून."

आवडाबाई नावाच्या वयस्क बाई किनाऱ्यावर टोपली घेऊन बसल्या होत्या. मी वीस निवट्या मागितल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"कोनची गो तू?"

"ठाण्याची. चेंदणीची."

"चेंदनीची? मंग हितं कशाला आलीस? तुमचा धाकू नेतो की माज्याकडनं. होडी घेऊन येतो, भरतीच्या पान्यावर जातो परत. दोन-तीन खेपा झाल्या. मी बोल्ली, अरं कोली असून मासली विकत नेतोस, लाज नाय वाटत? तं बोलतो कसा, लेकीला लागतात कालेजात, वशिला समज." त्या हसल्या. "चांगल्या निवडून घेतो पन. बारकी एक चालत नाय त्याला."

धाकू माझ्या वडिलांचं नाव.

वीस निवट्या घेतल्या. त्यांची आता गरज नव्हती, पण मोजून झाल्या होत्या.

परतताना गोविंदानं निवट्यांची पिशवी माझ्या हातातून घेतली. मग म्हणाला, "मी सरांना काही सांगणार नाही. तुझ्या बापाचं आहे, तू बघ."

"तुझी शिष्यवृत्ती जाईल."

"जाऊ दे. दिव्यात जमीन आहे आमची, बिल्डरला दिली की झालं. घरातले तेच बोलतात रोज." मग म्हणाला, "तू नको असं तोंड करूस."

मी कसलं तोंड केलं होतं मला माहीत नाही. त्यानं असं का म्हणावं तेही कळलं नाही. यात त्याचा फायदा काहीच नाही.

सोमवार, २० मार्च

सगळं पुन्हा तपासलं. भरती, कोरडी लुंगी, वेळ ठरवून बोलावणं. निवटी ओहोटीला धरतात, भरतीला ती बिळात असते. हे मला चालायला यायच्या आधीपासून माहीत आहे. दोन्ही रविवारी मी धक्क्यावर उभी होते आणि पाहत होते. पाहिलेलं सगळं या वहीत लिहिलेलं आहे, पण कुठल्याही दोन गोष्टी मी एकत्र ठेवल्या नाहीत. प्रोग्रामनं ठेवल्या.

आणखी एक. निवटी त्या गळ्यातून जात नाही हे सरांचं म्हणणं बरोबर आहे. आबा जातात.

बुधवार, २२ मार्च

दोन पर्याय आहेत. पहिला : मी म्हणायचं की दुसऱ्या खेपेच्या नोंदी माझ्याकडून सदोष झाल्या, ती खेप गाळा. आबांचं नाव येत नाही, गोविंदावरचा संशय अर्धवट राहतो. दुसरा : काय झालं ते सांगायचं.

सरांच्या खोलीत भिंतीवर पहिल्या खेपेचा फोटो आहे. आबा टोपली घेऊन उभे. सर येणाऱ्या प्रत्येकाला तो दाखवतात. "हे आमचे नाखवा."

गुरुवार, २३ मार्च

सांगितलं. गोविंदा समोर असताना. ज्या क्रमानं मला कळलं त्याच क्रमानं.

सर फोटोकडे बघत राहिले. वहिनी चहा घेऊन आल्या आणि कप ठेवून परत गेल्या.

मग सर म्हणाले, "चौदाच्या चौदा?"

"हो सर."

"आपल्यापैकी कुणालाच माहीत नसताना तुझ्या प्रोग्रामनं चौदाच्या चौदा ओळखल्या?"

"हो सर."

"अगं, मग यापेक्षा चांगली चाचणी मी दहा वर्षांत उभी करू शकलो नसतो." ते उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. "गोविंदा."

"सर."

"तुझी मी माफी मागतो."

गोविंदा म्हणाला, "सर, फ्रीज मात्र दुसरा घ्या."

प्रोग्राम बरोबर आहे, हे आज सिद्ध झालं म्हणता येईल. दोन वर्षं मी याच दिवसाची वाट बघत होते. आनंद झाला का, हे संध्याकाळी आठवून बघितलं. नीट सांगता येत नाही.

रविवार, २६ मार्च

निरोप न देता ठाण्याला गेले, त्यामुळे पहिल्यांदाच ओहोटीला पोचले. धक्क्यासमोर चिखल लांबवर उघडा होता. काळा, सपाट. बराच वेळ बघितला. हलत नव्हता.

आबा उलट्या घातलेल्या होडीला डांबर लावत होते. मला बघून त्यांनी आधी चिखलाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आवडा बोल्ली?"

"आधी प्रोग्राम बोलला. मग आवडाबाई."

"मशीनला कसा कलला?"

मी फांद्यांचं सांगितलं. आबांनी डांबराचा ब्रश डब्यावर आडवा ठेवला आणि ऐकलं. "म्हंजे त्या अन् आपल्या, येगल्या?"

"वेगळ्या."

"मना वाटला निवटी ती निवटी. पानी तं एकच. हितनं तिकडं जातं, तिकडनं हितं येतं." थोड्या वेळानं म्हणाले, "मंग तुजी मशीन बरोबर हाय."

"हो."

"अन् त्या पोराचा हात?"

"बरोबर आहे."

"मंग वांदा काय?"

"ठाण्याच्या नव्हत्या, आबा. तुम्ही ठाण्याच्या म्हणून दिल्यात."

ते पुन्हा डांबर लावायला लागले. एकाच जागी.

"दोन पावसाले झाले," म्हणाले. "तुजे त्या बाराच्या नंतर एखाददुसरी भेटली असंल. मंग ती बी नाय. पार त्या पुलापर्यंत जाऊन बिलात हात घातले. भोकं हायत, आत कोन नाय."

"मला सांगायचं."

"काय सांगू? लेकीनं खारीतली मासली मागितली अन् बाप कोली असून बोल्ला, नाय?" मग खालच्या आवाजात, "आनि सांगितला असता तं तू बोल्ली असतीस, बरं मंग, नको. अन् फोन ठेवला असतास."

हे खरं आहे. मी तसंच म्हटलं असतं. त्यात काय चुकीचं आहे, मी विचारलं नाही.

आई दारातून म्हणाली, "मी बोल्ली होती तेला. लेक शिकलेली हाय, पकडंल. तं हा बोल्ला, पकडंल तं पकडंल, तवर येईल तरी."

आबा तिच्यावर ओरडले, तुझं तू बघ म्हणून. मी जेवून निघाले.

शुक्रवार, ३१ मार्च

अहवाल गेला. सरांनी दुसऱ्या खेपेचा वेगळा भाग लिहिला : उगम माहीत नसलेल्या नमुन्यांवर प्रोग्रामची चाचणी. गोविंदाच्या कामाबद्दल दोन परिच्छेद. गृहीतकासाठी ठाण्याकडून फक्त पहिल्या बारा धरल्या. तेवढ्यावर प्रोग्राम पुन्हा चालवला. गृहीतक टिकलं.

आकडे थोडे आहेत असं कुणी म्हणेल. आणखी आणता येणार नाहीत. ठाण्याची फांदी म्हणजे आता एवढंच, बारा ओळी.

रविवार, ९ एप्रिल

सरांनी आबांना बोलावलं होतं. मला वाटलं येणार नाहीत. आले, होडीनं, रेतीबंदरावर. इस्त्रीचा सदरा, टोपी. मी घ्यायला गेले. गोविंदाही आला होता, त्याला कुणी सांगितलं होतं माहीत नाही. वाटेत दोघांनी दिव्याच्या पाण्याबद्दल आणि बिल्डरांबद्दल न थांबता गप्पा मारल्या. आबा त्याला म्हणाले, "तुज्यावर बालंट आलं माज्यामुलं." तो म्हणाला, "नाखवा, आता कालवणाला बोलवा, फिटलं." "निवटीचं नाय भेटनार." "बोंबलाचं चालेल."

सर दारातच उभे होते. "या नाखवा, या."

आबा म्हणाले, "सायेब, चोरी पकडलीत, वर चाय पाजताय."

"चोरी कसली. तुमचं नाव छापतोय आम्ही."

"तं नाव नीट छापा. धाकू हीरू कोली. लोक मदलं नाव गालतात."

चहा झाल्यावर आबांनी मशीन दाखव म्हटलं. मी संगणक सुरू करून अक्षरं पडद्यावर आणली. आबांना इंग्रजी अक्षर येत नाही. खुर्चीवर पुढे सरकून बसले, होडीत सुकाणूपाशी बसतात तसे.

"ह्यातली आपली कंची?"

"वरच्या बारा."

"सगल्या सारक्याच दिसतात."

मी त्यांना एक जागा दाखवली. वरच्या बारा ओळींत तिथे एकच अक्षर आहे, खालच्या सगळ्यांत दुसरं. आबांनी बोट पडद्यावर टेकवलं आणि ओळीओळीनं खाली नेलं. बाराव्या ओळीनंतर अक्षर बदललं तिथे बोट थांबलं. परत वर नेलं, परत खाली आणलं. तिथेच थांबलं.

"ही अकरावी न् बारावी," ते म्हणाले, "ह्या मी संगती धरल्या. एका बिलात होत्या. तुजी आय बोल्ली, ह्या दोन नको देऊस, कालवन करू. मी बोल्लो, जयानं बारा मागितल्यात."

आकडे मी घातले होते. कोणती कोणत्या बिळातली हे मला माहीत असायचं कारण नाही, त्यांनाही नाही. मी तसं म्हटलं नाही.

"ह्या आता कुठं हायत?"

"कल्याणला. बाटल्यांत."

"अन् ही हितली पुसली जात नायत?"

"नाही. तीन ठिकाणी ठेवल्या आहेत."

"बरं केलंस."

ते बघत राहिले. सर दारात आले होते, ते परत गेले. थोड्या वेळानं पडदा आपोआप काळा झाला. तसा तो होतो. आबा दचकले, म्हणून मी कळ दाबून पुन्हा लावला. नंतर दोनदा तसंच झालं. दोन्ही वेळा लावला.

दुपारी रेतीबंदरावर सोडायला गेले. पाणी चढत होतं. आवडाबाई लांबून ओरडल्या, "धाकू, आज किती देऊ?" आबांनी नुसता हात हलवला.

मी म्हटलं, "पुढच्या रविवारी येते."

"निवट्या नकोत ना आता?"

"नकोत."

"मंग?"

"जेवायला," मी म्हटलं.

आबा होडीत उतरले, दोर सोडवून घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुजे आयला सांगतंव."